महारोहिणीचा शोथ आणि पचनसंस्था

पोटात दुखू लागले की सामान्य माणूस त्याचे कारण अन्नात शोधतो. काल काय खाल्ले, ते शिळे होते काय, तिखट अधिक झाले काय, असे प्रश्न घरात विचारले जातात. डॉक्टरही बहुधा जठर, आतडी, यकृत आणि पित्ताशय यांपासूनच तपासणीस आरंभ करतात आणि बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत तो मार्ग योग्यही ठरतो. तथापि पोटदुखीचा एक प्रकार असा आहे की, ज्यात हे सर्व अवयव मूलतः निरोगी असतात. दोष असतो तो त्यांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत. हा प्रकार विरळा आहे. परंतु तो ओळखण्यास विलंब झाल्यास त्याचे मोल रुग्णाला वजनाने, आतड्याने आणि प्रसंगी प्राणानेही द्यावे लागते. म्हणून त्याची माहिती सुशिक्षित वाचकास असणे उपयुक्त आहे.

उदरातील रक्तपुरवठा

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रोहिणी ती महारोहिणी. डॉक्टर तिला ‘एऑर्टा’ म्हणतात. हृदयापासून ती प्रथम वर जाते, कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. मध्यपटल ओलांडून ती उदरात शिरते आणि साधारणपणे बेंबीच्या पातळीवर दोन शाखांत विभागून पायांकडे जाते. उदरातील तिचा व्यास प्रौढ माणसात सुमारे २ सेंटीमीटर असतो.

या भागातून पचनसंस्थेसाठी तीन प्रमुख शाखा निघतात आणि तिन्ही महारोहिणीच्या पुढील अंगाने निघतात. पहिली सीलिअक रोहिणी. ती जठर, यकृत आणि प्लीहा यांना रक्त पुरविते. तिच्या किंचित खाली निघणारी दुसरी शाखा म्हणजे ऊर्ध्व आंत्ररोहिणी. जवळजवळ सर्व लघ्वांत्र आणि बृहदांत्राचा पहिला अर्धा भाग हिच्यावर अवलंबून असतो. तिसरी अधर आंत्ररोहिणी. ती बृहदांत्राच्या उरलेल्या भागास व गुदांत्राच्या वरच्या भागास रक्त देते. स्वादुपिंडाला पहिल्या दोन्ही शाखांकडून रक्त मिळते.

मनुष्य विश्रांती घेत असताना हृदयाने बाहेर टाकलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो. जेवणानंतर ही मागणी वाढते. अन्न ढवळणे, पाचक रस स्रवणे आणि पचलेले अन्न शोषून घेणे या सर्व कामांना प्राणवायू लागतो. म्हणून ऊर्ध्व आंत्ररोहिणीतील प्रवाह भोजनोत्तर दुपटीच्या घरात जातो. निरोगी वाहिनी रुंदावून ही गरज सहज भागविते. अरुंद झालेल्या वाहिनीला मात्र ते शक्य होत नाही.

निसर्गाने येथे एक राखीव व्यवस्थाही ठेवली आहे. या तीन रोहिण्या एकमेकींशी लहान लहान वाहिन्यांनी जोडलेल्या असतात. पहिल्या दोहोंना जोडणारी वाहिन्यांची जाळी स्वादुपिंडाच्या शिरोभागाभोवती असते, तर दुसरी व तिसरी यांना जोडणारी वाहिनी बृहदांत्राच्या कडेने धावते. एक शाखा हळूहळू बंद होत गेली, तर हे आडमार्ग वर्षानुवर्षांत रुंद होतात आणि रक्त वळशाने का होईना, इष्ट स्थळी पोहोचते. यामुळेच, तीनपैकी एखादी रोहिणी अरुंद झाल्याचे चित्रणात दिसते, पण रुग्णाची पोटाबाबत काहीच तक्रार नसते, असे पुष्कळदा घडते. तक्रारी बहुधा दोन शाखा बाधित झाल्यावर सुरू होतात.

शोथाचे स्वरूप

शोथ म्हणजे दाहयुक्त सूज. रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. महारोहिणीशोथात सामान्यतः बाहेरच्या आणि मधल्या थरांत रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात व भिंत जाड होते. कालांतराने तेथे तंतुमय वण बनतो आणि आतला मार्ग आकुंचित होतो. काही ठिकाणी याउलट घडते. मधल्या थरातील लवचिक तंतू नष्ट होतात आणि कमकुवत झालेली भिंत रक्ताच्या दाबाने फुग्यासारखी फुगते. या फुगवट्यास विस्फार म्हणतात. एकाच रुग्णात एके ठिकाणी आकुंचन आणि दुसऱ्या ठिकाणी विस्फार आढळू शकतो.

अशा शोथाची कारणे अनेक आहेत. उपदंशामुळे होणारा शोथ पूर्वी फार आढळे. परंतु तो प्रायः छातीतील महारोहिणीस होतो. महापेशी रोहिणीशोथ हा पन्नाशीनंतरचा विकार आहे. तरुण वयात मात्र प्रमुख कारण ‘ताकायासू रोहिणीशोथ’ हे होय. जपानमधील कानाझावा येथील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी १९०५ साली एका तरुण स्त्रीच्या डोळ्याच्या अंतःपटलावर रक्तवाहिन्यांची पुष्पमालेसारखी विचित्र रचना पाहिल्याचे वैद्यकीय सभेत सांगितले. अशा काही रुग्णांच्या मनगटावर नाडी लागत नाही, ही गोष्ट त्यांच्या सहव्यावसायिकांनी नजरेस आणली. पुढे या विकारास ‘नाडीहीन रोग’ असेही नाव पडले. त्याचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही. भारतात क्षयरोगाशी त्याचा संबंध असावा, अशी शंका पुष्कळ काळ व्यक्त होत आली. पण ती सिद्ध झालेली नाही.

जपानी आणि भारतीय रुग्णांत एक महत्त्वाचा भेद आढळतो. जपानमध्ये कमानीच्या शाखा, म्हणजे मान व हात यांकडे जाणाऱ्या रोहिण्या, अधिक प्रमाणात बाधित होतात. भारतात उदरातील महारोहिणी व मूत्रपिंडांच्या रोहिण्या यांचा विकार तुलनेने अधिक दिसतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यचिकित्सक प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली महारोहिणीच्या मधल्या भागाच्या आकुंचनाचे सविस्तर वर्णन ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. ‘मिडल एऑर्टिक सिंड्रोम’ हे त्यांनी योजिलेले नाव आजही जगभर वापरले जाते. पुढे याच मंडळींनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला ग्रंथही सिद्ध केला. महारोहिणीचा जो भाग पचनसंस्थेला रक्त पुरवितो तोच भाग भारतीय रुग्णांत वारंवार बाधित होत असल्याने, प्रस्तुत विषयाला या देशात विशेष महत्त्व आहे.

जेवणाची भीती

वाहिन्या हळूहळू अरुंद झाल्याने उद्भवणाऱ्या विकाराचे चित्र बरेचसे ठराविक असते. जेवणानंतर साधारण पंधरा मिनिटे ते तासाभरात पोटाच्या मध्यभागी आवळल्यासारखी वेदना सुरू होते. ती एक ते तीन तास टिकते आणि हळूहळू ओसरते. जेवण जितके भरपेट, तितकी वेदना तीव्र. जिना चढताना हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत कळ येते, त्याचप्रमाणे येथे पचनाचे श्रम पडताच आतड्याला प्राणवायू अपुरा पडतो.

अशा रुग्णाला भूक लागते. परंतु घास घेण्याची त्याला भीती वाटू लागते. प्रथम तो ताटातील भात कमी करतो, मग रात्रीचे जेवण टाळतो, आणि शेवटी पेज किंवा ताक यांवर दिवस काढू लागतो. काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. रुग्ण तरुण स्त्री असेल, तर घरातील माणसे तिच्या न जेवण्याचा अर्थ हट्ट, चिंता किंवा रुसवा असा लावण्याचा संभव असतो. डॉक्टरांच्या मनातही प्रथम आतड्याचा क्षय, जठरव्रण, पित्ताश्मरी अथवा कर्करोग येतो. कारण हे रोग कितीतरी अधिक प्रमाणात आढळतात. दुर्बिणीतून जठर तपासले असता कधी व्रण दिसतात, पण नेहमीच्या औषधांनी ते भरून येत नाहीत. रक्त न मिळालेल्या अस्तराचे ते व्रण असतात. म्हणून ‘भूक नाही’ आणि ‘भूक आहे, पण खाण्याची भीती वाटते’ या दोन उत्तरांतील फरक डॉक्टरांनी प्रश्न विचारून स्पष्ट करून घेणे फार मोलाचे ठरते.

याशिवाय आणखी एक चमत्कारिक प्रकार क्वचित आढळतो. महारोहिणीचा अगदी खालचा भाग बंद झाला असता आंत्ररोहिण्यांच्या आडमार्गांनी रक्त पायांकडे वळते. अशा रुग्णाच्या पोटात चालू लागल्यावर दुखते. कारण चालणाऱ्या पायांचे स्नायू आतड्याच्या वाट्याचे रक्त ओढून घेतात. तेथे शस्त्रक्रिया करणाऱ्यास ही वाहिनी बांधून टाकण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागतो.

आकस्मिक संकट

क्रमाक्रमाने चाललेल्या विकारात आडमार्ग तयार होण्यास वेळ मिळतो. परंतु अरुंद झालेल्या ठिकाणी रक्ताची गुठळी बनून वाहिनी एकाएकी बंद पडली, तर तो वेळ मिळत नाही. जुलाब व उलट्या यांमुळे शरीरातील पाणी कमी होणे किंवा रक्तदाब अकस्मात घसरणे, एवढे निमित्तही कधी पुरेसे होते.

अशा वेळी पोटात असह्य वेदना सुरू होतात. रुग्ण तळमळत असतो, पण डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले असता ते आरंभी मऊच लागते. वेदना आणि तपासणी यांतील ही विसंगती हीच धोक्याची खूण होय. पोट ताठ होईपर्यंत थांबणे म्हणजे आतड्याचा कोथ होण्याची वाट पाहणे होय. कोथ झालेले आतडे फाटून पर्युदरशोथ होतो आणि जंतुविष रक्तात पसरते. आतडे वाचविण्यासाठी हाती काही तासच असतात. अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण आजही फार मोठे आहे. सुदैवाने ताकायासू रोहिणीशोथात हा प्रकार विरळाच घडतो.

बृहदांत्राचे प्लीहेजवळचे वळण हे दोन रोहिण्यांच्या पुरवठ्याच्या सीमेवर वसलेले असल्याने रक्तप्रवाह मंदावला असता त्यास लवकर इजा पोहोचते. पोटात डाव्या बाजूस कळ आणि त्यानंतर रक्तमिश्रित जुलाब ही त्याची लक्षणे होत. येथे गोंधळ वाढविणारी आणखी एक गोष्ट आहे. ताकायासू रोहिणीशोथ आणि बृहदांत्राचा व्रणयुक्त शोथ हे दोन्ही रोग एकाच व्यक्तीस होण्याचे प्रमाण योगायोगाने अपेक्षित असते त्यापेक्षा अधिक आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात ताकायासूच्या सुमारे ६ टक्के रुग्णांना आतड्याचा हा दुसरा रोगही असल्याचे आढळले आणि ‘एचएलए-बी५२’ नावाचा आनुवंशिक घटक दोहोंत समान असल्याचे दिसून आले. तेव्हा रक्तयुक्त जुलाब होणाऱ्या रुग्णात दोष रक्तपुरवठ्याचा की आतड्याच्या स्वतंत्र रोगाचा, हे ठरविल्यावाचून उपचार करणे इष्ट नसते.

विस्फार आणि रक्तस्राव

उदरातील महारोहिणी फुगली असता पोटात ठोके पडल्यासारखे वाटते व पाठ दुखते. मोठा विस्फार शेजारच्या ग्रहणीला, म्हणजे लघ्वांत्राच्या पहिल्या भागाला, दाबतो. मग थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते आणि उलट्या होतात. ग्रहणीचा एक भाग महारोहिणीच्या अगदी पुढून आडवा जातो. विस्फाराची भिंत झिजून या दोहोंत छिद्र पडले, तर रक्त थेट आतड्यात शिरते. बहुधा प्रथम थोडा रक्तस्राव होतो आणि तो आपोआप थांबतो. काही तासांनी वा दिवसांनी प्राणघातक रक्तस्राव होतो. यास्तव विस्फाराच्या किंवा पूर्वी महारोहिणीवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला एकदा जरी रक्ताची उलटी झाली अथवा डांबरासारखा काळा शौच झाला, तरी ती सूचना समजून त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

आजवरच्या विवेचनात रोगाची दिशा महारोहिणीकडून आतड्याकडे अशी होती. ती उलटही असू शकते. अन्नविषबाधेस कारणीभूत होणारे साल्मोनेला जंतू आतड्यातून रक्तात शिरतात आणि उतारवयात खरबरीत झालेल्या महारोहिणीच्या भिंतीवर वस्ती करतात. ताप, पोटदुखी व पाठदुखी ही लक्षणे दिसतात आणि भिंत अल्पावधीत फुगून फुटू शकते. येथे जंतुनाशक औषधे व बहुधा शस्त्रक्रिया यांची गरज असते. इतर शोथांत हितकर ठरणारी स्टेरॉइड औषधे या संसर्गात घातक ठरू शकतात. शोथाचे कारण ओळखणे हे म्हणूनच उपचाराइतके महत्त्वाचे आहे.

निदान

या रोगाच्या निदानातील पहिली पायरी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चढता येते. दोन्ही मनगटांची नाडी पाहणे, दोन्ही हातांचा व एका तरी पायाचा रक्तदाब मोजणे आणि मान व पोट यांवर स्टेथॉस्कोप ठेवून ऐकणे, एवढेच त्यासाठी लागते. एका हाताची नाडी क्षीण लागणे, दोन हातांच्या रक्तदाबात १० मिलिमीटरहून अधिक फरक असणे, किंवा पोटावर फुसफुस असा ध्वनी ऐकू येणे, या खुणा आढळल्या की पोटदुखीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. दोन्ही हातांच्या रोहिण्या अरुंद असल्यास हातावर मोजलेला रक्तदाब फसवा कमी येतो. म्हणून पायाचा रक्तदाब पाहणे अवश्य असते.

पुढची पायरी रक्तवाहिन्यांच्या चित्रणाची. डॉप्लर सोनोग्राफीत प्रवाहाचा वेग समजतो. सीटी अथवा एमआर अँजिओग्राफीत वाहिनीचा मार्ग तर दिसतोच, शिवाय भिंतीची जाडीही दिसते. आंत्ररोहिण्या महारोहिणीच्या पुढील अंगाने निघत असल्याने त्यांचे मूळ बाजूने घेतलेल्या चित्रातच नीट दिसते. केवळ समोरून पाहिल्यास आकुंचन लपून राहू शकते. रक्ताच्या तपासणीत ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असल्यास शोथ चालू असल्याचा संशय बळावतो. परंतु ते प्रमाणात असूनही भिंतीत शोथ धुमसत असू शकतो. रोग किती सक्रिय आहे हे मोजण्यासाठी भारतीय संशोधकांनी ‘आयटास २०१०’ ही गुणांकपद्धती तयार केली आहे.

उपचार आणि त्यांपासून उद्भवणारे उपद्रव

उपचाराचा पहिला हेतू शोथ शमविणे हा असतो. त्यासाठी स्टेरॉइड औषधे आणि त्यांच्या जोडीस मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे दिली जातात. ज्यांना यांनी गुण येत नाही, त्यांच्यासाठी टोसिलिझुमॅबसारखी नवी औषधे आहेत. भारतात यांपैकी बरीच औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोग सुप्तावस्थेत नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

या औषधांचाही पचनसंस्थेशी संबंध येतो. स्टेरॉइड व अ‍ॅस्पिरिन एकत्र घेतल्यास जठरव्रणाचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेटमुळे मळमळ होते व यकृतावर परिणाम होऊ शकतो. टोसिलिझुमॅब घेणाऱ्या काही रुग्णांत आतड्याला छिद्र पडल्याचे आढळले आहे. त्यात हे औषध सीआरपी दाबून ठेवते आणि स्टेरॉइड ताप व पोटाचा ताठपणा झाकतात. त्यामुळे गंभीर आजार सौम्य भासू शकतो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड रुग्णाने परस्पर एकदम बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथींचा स्राव अपुरा पडून पोटदुखी, उलट्या व रक्तदाब उतरणे अशी लक्षणे उद्भवतात. बरे वाटते म्हणून गोळ्या सोडणे हे या रोगात विशेष धोक्याचे आहे.

अरुंद झालेला मार्ग मोकळा करण्याचे दोन उपाय आहेत. फुग्याने वाहिनी रुंदावून आवश्यक तर तेथे जाळीची नळी बसविणे हा एक. आणि निरोगी भागापासून नवी वाहिनी जोडून रक्तास वळण देणे हा दुसरा. आंत्ररोहिणीचा अडथळा शस्त्रक्रियेने दूर केल्याचे वृत्त १९५८ साली शॉ आणि मेनार्ड यांनी प्रसिद्ध केले. ताकायासू रोहिणीशोथात मात्र घाई करून चालत नाही. सक्रिय शोथ असलेल्या भिंतीवर हे उपाय केल्यास वाहिनी पुन्हा बंद होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून प्राणसंकट नसेल तर आधी औषधांनी शोथ शमवितात आणि नंतर वाहिनीस हात घालतात. मधल्या काळात रुग्णाला थोडे थोडे आणि अनेक वेळा खाण्यास देतात. पोषण फारच खालावले असेल तर ते शिरेवाटेही द्यावे लागते. रक्तप्रवाह पूर्ववत् झाला की जेवणानंतरची कळ नाहीशी होते आणि वजन हळूहळू वाढू लागते.

पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णात महारोहिणीचा विकार शोधणे हा अतिरेक होईल. परंतु तरुण वय, जेवणामागोमाग येणारी वेदना, सतत घटणारे वजन आणि पोटाच्या नेहमीच्या तपासण्यांतून काहीच न निघणे, या गोष्टी एकत्र आल्या तर एकदा तरी दोन्ही हातांची नाडी पाहिली जावी, असा आग्रह रुग्णाने व त्याच्या आप्तांनी धरणे रास्त आहे. त्यास फार तर पाच मिनिटे लागतात. तेवढ्याने निदान काही महिने अलीकडे आले, तर आडमार्ग शाबूत असताना आणि आतडे जिवंत असतानाच उपचारांस आरंभ करता येतो.